डाव्या कोपऱ्याचा सामना आणि माझा खोका

माझ्या नातीचा सामना दुपारी चारला होता आणि सव्वातीनलाच मी कॉम्प्युटरपुढे खुर्ची मांडून बसले होते. वेणीफणी करून, बरीशी साडी नेसून, जणू तीच मला बघणार होती. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर उभी राहते. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरते आणि मग सोडतच नाही. राज्याच्या संघात तिची पहिल्यांदाच निवड झाली होती. सामने दूर परराज्यात, सोबत तिची आई गेलेली. माझे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. निघताना पोरगी म्हणाली, "आजी, पहिली पकड जमली की कॅमेऱ्याकडे बघून मी माझाच कान पिळीन. तू पिळतेस ना, तस्सा. बघशील ना?"

"न बघायला काय झालं? डोळे फाडून बघीन."

दिला शब्द. शब्द द्यायला माझ्या तोंडाला कधी कष्ट पडले नाहीत.

आता मला एक सांगा, मुलींच्या कबड्डीला एरवी कोण विचारतं? पेपरात शोधायला भिंग लागतं. पण ह्याच सामन्यांचे हक्क कुणीतरी विकत घेतले आणि एका ॲपमध्ये कोंडून ठेवले. टीव्हीवर नाही, दुसरीकडे कुठेच नाही. बघणारे मूठभर, तेही दाराबाहेर उभे. माझ्या मुलाने स्वतःच्या मोबाइल नंबरावर वर्षाचं सभासदत्व घेतलं, पासवर्ड माझ्या डायरीत गॅसच्या नंबराखाली लिहिला आणि तो सेकंड शिफ्टला चाकणला निघून गेला. जाताना चपलेत पाय घालत म्हणाला, "आई, फक्त पासवर्ड टाक. बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे.

हा कॉम्प्युटर माझा. आमच्या ह्यांच्या कंपनीने जुनं सामान काढलं तेव्हा मी हट्टाने घरी आणवला. तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तीन महिन्यांचा क्लास केला होता, प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं होतं. मुलगा म्हणाला, "आई, जुना आहे गं." त्यावर त्या शहाण्या बाईने उत्तर दिलं, "यंत्र निगा राखली की जन्मभर चालतं. माझी नातवंडं यावर शिकतील." त्याला क्रोशाचं झाकण विणलं. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. स्मार्टफोन घ्यायचा विषय निघाला तेव्हाही हीच बाई: "मला बटणांचा पुरे, माझ्याकडे कॉम्प्युटर आहे." आज ती भेटली असती तर तिच्याच माळेने तिला त्या खोक्याला बांधून ठेवली असती.

साडेतीनला तो सुरू झाला. पंखा असा घुमतो की वाटतं शेजारी पिठाची गिरणी लागली. पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, नोंदवलेल्या मोबाइलवर आकडे पाठवले आहेत, तीस सेकंदांत टाका.

नोंदवलेला मोबाइल म्हणजे मुलाचा. आणि मुलाच्या कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही. गेटवर सिक्युरिटीकडे जमा करायचा, टोकन घ्यायचं, सुटताना टोकन देऊन परत घ्यायचा. इकडे दहा वर्षं हेच चाललंय. सभासदत्व घेताना ते त्याच्या डोक्यात आलं नाही, डायरीत पासवर्ड लिहून घेताना माझ्याही नाही. दोघं मायलेक कारखान्यांत जन्म काढलेले आणि दोघांनी मिळून किल्ली गेटवर जमा केली!

मी त्याच्या नंबरावर फोन लावला. एकदा, दोनदा, चौथ्यांदा उचलला गेला.

"कोन बोलतंय? हा मोबाइल कप्प्यात हाय. मालक आत लाइनवर हायेत."

"दादा, मी त्याची आई बोलतेय."

"व्हय, आई म्हनूनच दिसतंय इथं. इमर्जन्सी हाय का मावशी? बोलवून घेऊ का भाईर?"

खरं सांगते, जिभेवर 'हो' आलं होतं. पण लाइन सोडून धावत आलेल्या मुलाला काय सांगणार, कबड्डी? गिळलं. म्हटलं, "नको नको. त्याच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे वाचून दाखवा."

मग तो अगदी पोक्तपणाने म्हणाला, "मावशी, ते कुनाला सांगायचे नसत्यात. बँकवाले रोज मेसेज करत्यात."

"अहो, मी त्याला जन्म दिलाय!"

"आसंल. पन फोनवर समदेच आई आसत्यात."

मला राग यायला हवा होता, पण माणूस कामाचा होता. मग मी त्याला सगळं सांगितलं: नात, डावा कोपरा, पहिला सामना, कान पिळायचा. त्याने विचारलं, "पोरगी पकडीला हाय? माजी धाकटी बी खेळती शाळंत." आणि वाचायला लागला. सावकाश, एकेक आकडा, बँकेतला चेक वाचावा तसा. चौथ्या आकड्यावर तीस सेकंद संपले.

पुन्हा मागवले. या वेळी मी म्हटलं, "दादा, एका दमात, चढाईला गेल्यासारखे." त्याने म्हटले. मी टाकले. बरोबर!

चारला दोन मिनिटं कमी होती. पडद्यावर चाक फिरलं आणि जाहिरात सुरू झाली. काय सांगू, इतकी स्वच्छ! सिमेंटची गोणी अशी दिसत होती की हात लावावा. मागून दुसरी जाहिरात, बनियनची. तीही झकास. मी पुढे सरकून बसले. मग पडदा काळा झाला आणि मधोमध दोन ओळी आल्या. हा ब्राउझर चालणार नाही, अद्ययावत करा. केलं. मग आलं, ही सिस्टीम जुनी आहे, यावर अद्ययावत होणार नाही. मागे गेले, पुन्हा जाहिरात. तीच गोणी, तोच बनियन. पुन्हा काळं. तीन वेळा. माझा कॉम्प्युटर सिमेंट दाखवायला नवा आणि नात दाखवायला जुना!

शेजारी कुणाचा मोबाइल मिळतो का म्हणून दार उघडून बाहेर पाहिलं. मजल्यावर चार दारं, तीन कुलपं. आमच्या काळेवाडीत दुपारी चारला घरी माणूस सापडत नाही.

पडद्यावरची 'चालणार नाही' ही ओळ मी ओळखत होते, हे मात्र कबूल करायला हवं. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. हातात गेज असायचा, म्हणजे पोलादी दांडा. त्याचं एक टोक बुशच्या, त्या लहानशा नळकांड्याच्या, भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. न बसणाऱ्या नगावर लाल रंगाचा ठिपका आणि पेटीत फेक. कामगार गयावया करायचे, "ताई, केसाएवढा फरक आहे, चालून जाईल." मी मान वर न करता म्हणायची, "रिजेक्ट." मला त्याचा गर्व होता. आख्ख्या शेडमध्ये माझ्याएवढी ताठ मान कुणाची नव्हती.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेचं मैदान आमच्या शेडच्या मागच्या भिंतीपलीकडे. तिचा कबड्डीचा अंतिम सामना होता. तिकीट नाही, पासवर्ड नाही, भिंतीला वळसा घातला की मैदान. आणि मी एक लॉट संपवायला ओव्हरटाइम घेऊन बसले. शिट्ट्या ऐकू येत होत्या. मनात म्हटलं, पोरी पोरींना धरणार, त्यात बघायचं काय. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, "पाहिलं हो मी गेटवरून. छान खेळलीस!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला त्या दिवशी उतरवलंच नव्हतं. पूर्ण वेळ राखीव म्हणून बाकावर बसली होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन हातपाय धुतले. आणि ती ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ मानेने टेबलावर.

चार वाजून दहा मिनिटांनी मी मुलीला फोन लावला. ती तिथे प्रेक्षकांत होती.

"आई, दिसतंय का गं?"

"सिमेंट दिसतंय. तू बोल."

"व्हिडिओ काढू देत नाहीत इथे. मोबाइल वर केला की माणूस येतो, हक्क विकलेत म्हणतो. आणि तुझ्या बटणांच्या फोनवर पाठवू तरी काय?"

"मग तोंडाने सांग."

ती सांगायला लागली. पण सांगणारी खेळणारीची आई, तिला कुठली शिस्त! "गेली, गेली… अगं धर! धर!… अय्याऽऽ!" आणि मग नुसता गलका. "काय झालं? अगं, काय झालं?" मी ओरडतेय, ती ओरडतेय, मागे शिट्टी वाजतेय. पाच मिनिटांनी कळलं की पकड जमली होती. पुढच्या दोन फसल्या. पोरी सामना सहा गुणांनी हरल्या.

"कान पिळला का तिने?" मी विचारलं.

"कोणी?"

"जाऊ दे."

तासाभराने नातीचा फोन आला. हरल्याचं दुःख होतं, पण पहिला प्रश्न तोच. "आजी, दिसलं?"

'दिसलं, छान पिळलास' एवढंच म्हणायचं होतं. पोरगी खूश झाली असती. फोन स्पीकरवर होता आणि तिची आई शेजारीच उभी होती, तिचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता.

"नाही दिसलं, बाळा. माझा खोका रिजेक्ट झाला. मी फक्त शिट्ट्या ऐकल्या."

मग मुलीने तिच्या हातातून फोन घेतला आणि हसत म्हणाली, "या वेळी गेटवरून नाही का पाहिलंस?"

तीस वर्षांनी बोलली. मी खोक्याची वायर काढली.

नात रविवारी घरी आली. पिशवी टाकायच्या आधी तिला हॉलमध्ये डाव्या कोपऱ्यात उभी केली आणि म्हटलं, पहिल्यापासून दाखव, काही गाळायचं नाही. चढाईला तिची आई आली. खुर्ची उलटली, क्रोशाचं झाकण पायाखाली गेलं, घोटा धरला गेला आणि पोरीने माझ्याकडे बघून असा कान पिळला की लालबुंद झाला. मी राखीव खेळाडूसारखी हॉलमधल्या बाकावरच बसले होते, एका फुटावर.