पाळीच्या पोटातली तणीस

एकोडीच्या भोजराजसमोर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, कोणी नावं ठेवली, की संपलंच! एरवी माणूस मऊ, पण तेवढ्यावरून भडकायचा. आणि का भडकू नये? एका पावसाळ्यात ही पाळ फुटली आणि त्याचा मोठा भाऊ, खुशाल नावाचा, त्या लोंढ्यात वाहून गेला. फुटलेला भाग मग भोजराजनंच बांधला. माती सगळ्या गावानं वाहिली, पण कालवली त्यानं. आपल्या भागातला माणूस घराच्या भिंतीला जे करतो, तेच त्यानं केलं: चिखलात धानाची तणीस, म्हणजे वाळला पेंढा, घातली. तणीस असली की भिंतीला भेग पडत नाही, मग पाळीला कशी पडेल? भावाच्या मायेपोटी गाडाभर जास्तच घातली.

त्याची पोरगी रिता नागपूरला प्रयोगशाळेत कामाला. मातीवर भार दिला की तिच्या आत काय हलतं, हे तिथं मशीनवर पाहतात. या उन्हाळ्यात तिनं आपल्याच गावच्या पाळीतली माती नळ्यांमध्ये भरून नेली, थोडी जुन्या भागातली, थोडी बापानं बांधलेल्या भागातली. नळ्या भोजराजनंच ठोकून दिल्या. "ने, पाहू दे तुह्या साहेबायले," म्हणाला, छाती फुगवून.

काही दिवसांनी पोरगी परत आली.  लॅपटॉप उघडून सरळ बापाजवळ बसली.

"बाबा, दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढतात न, तसा मातीचा काढला. एकदा भार न देता, एकदा भार देऊन. मंग दोन्ही चित्रं जुळवून कोणता कण कुठून कुठं सरकला, ते कॉम्प्युटर मोजते."

जुन्या भागातले कण सगळे मिळून जरासे खाली बसले होते. बापाच्या मातीत मात्र बारीक, लांब, काळ्या पोकळ्या दिसत होत्या आणि आजूबाजूचे कण त्यांच्यात ढासळत होते.

"हे काय होय?" भोजराजनं विचारलं.

"तणीस, बाबा. सडली, तिची जागा रिकामी राहिली. घराची भिंत कोरडी राहते, पाळ तं पाण्यात उभी आहे. वरून काहीच दिसत नाही, पण तलाव भरला की पाणी यातूनच वाट काढीन. पावसाच्या आधी तेवढा भाग खोदून नवा बांधा लागते."

"फोटो पाहून माह्या पाळीले खोटी म्हणतं? माह्या भावाच्या..."  तो उठला आणि तडक पाळीखालच्या घरी गेला, खुशालच्या बायकोकडे. तिच्या तोंडून एकदा पाळीची वाहवा ऐकायची आणि पोरीला गप्प करायचं, एवढंच डोक्यात होतं.

आनंदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. पोरीचं म्हणणं त्याच्याकडून ऐकून ती हसली. "काहीबी बोलते पोरगी. तुमी बांधली म्हणून तं मी इथंच राहिली, भाऊजी. कितीबी पाऊस येऊ दे, मले बिनघोर झोप लागते."

झालं, सगळा राग तिथंच उतरला. पाळ फुटली तर आधी हीच झोपेत वाहून जाईल, हे भोजराजला दिसलं. रिता खोटं बोलणारी पोर नव्हती, हे त्याला मघाशीच ठाऊक होतं. फक्त मान्य करायचं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "पोरगी बरोबर सांगून राहिली. पाळ आतून पोकळ झाली. माह्याच हातानं. नवी बांधून होईपर्यंत तुमी आमच्या घरी निजा."

तिनं सूप खाली ठेवलं. 

"मंग इतके पावसाळे मी कोणाच्या भरवशावर निजली, भाऊजी?"

 दुसऱ्या दिवशी भोजराजनं गावाला खरं ते सांगितलं आणि पाळीवर पहिली कुदळ स्वतःच मारली. माती वाहायला टोपलं घेऊन आनंदाबाईही आली. त्याच्याशी बोलली मात्र नाही.