हा काठ माझा नाही

माझ्या पोलीस सेवेतले शेवटचे वर्ष होते. पण त्या प्रकरणातला एकेक तपशील अजून डोळ्यांसमोर आहे. सीमेवर तणाव होता आणि मोबाइलवर युद्धाच्या फोटोंचा पूर आला होता. त्यातल्या एका फोटोने कुही तालुक्यातले एक घर हादरले.

फोटोत खडकाळ जागी, धुरात, एक जवान चादरीवर निपचित पडला होता. अर्धा चेहरा रक्ताळलेल्या पट्टीखाली. खाली त्या तालुक्यातल्या एका गावाचे नाव आणि 'आपला शहीद' हे दोन शब्द. त्या गावचा एकच मुलगा सैन्यात होता. आठ दिवस त्याचा फोन लागत नव्हता. अधिकृतपणे कुणी काही कळवले नव्हते, तरी संध्याकाळच्या शोकसभेसाठी गावाने मंडप घातला.

त्याच सकाळी त्याचे वडील आमच्या सायबर शाखेत आले. उमरेड रोडवर चौकीदारी करत होते, पण अर्धे आयुष्य हातमागावर गेलेले.

"साहेब, हा माहा पोरगा नाही," ते म्हणाले.

"चेहरा तर नीट दिसत नाही. कशावरून म्हणता?"

"चेहरा पाहूनच नाही राहिलो मी. चादर पाहा. ही आपल्या इकडची हातमागाची आहे. सरहद्दीवर काहून येईन?"

"मुलानेच घरून नेली असेल."

"त्यानं नेली असती तं मी विनलेली असती. हा काठ माहा नाही."

बाप आशेपोटी बोलतो, हे मी अनेकदा पाहिले होते. पण हा माणूस रडत नव्हता, बोट ठेवून दाखवत होता. मी तक्रार नोंदवून घेतली.

दुपारपर्यंत सायबरच्या मुलींनी फोटो पहिल्यांदा कुठून टाकला ते शोधले. शहरातल्या सदर भागातला एक फोटोग्राफर निघाला. त्याला बोलावले. आधी म्हणाला, सैन्यातल्या मित्राने पाठवला. मित्राचे नाव विचारताच म्हणाला, मीच सीमेवर गेलो होतो. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. समोर बसून कागद वाचत राहिलो. खोटे बोलणाऱ्याला प्रश्नापेक्षा शांतता जड जाते. पाच मिनिटांत तो स्वतःहून तिसरी गोष्ट सांगू लागला.

तोवर पंचनामा करून त्याच्या कॅमेऱ्याचे कार्ड जप्त झाले होते. पुसलेले फोटो परत मिळाले. शहराबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण, जळणारा टायर, आणि तिसऱ्या फोटोत आमचे 'शहीद' पट्टी कपाळावर सरकवून, चादरीवर मांडी घालून तर्री-पोहे खात होते! मोबाइलवर फिरलेल्या फोटोत संगणकावर रक्त आणि धूर वाढवलेले होते.

"लोकांमध्ये देशप्रेम जागवायचं होतं, साहेब."

"आणि गावाचं नाव?"

"रस्त्यावरच्या पाटीवर वाचलं. गाव टाकलं की लोक खरं मानतात."

त्याच्यावर गुन्हा दाखल केला आणि गाडी थेट कुहीकडे काढली. मंडपात माणसे जमली होती. मी त्या मुलाच्या आईसमोर बसलो आणि पोह्यांचा फोटो पुढे धरला. तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं! हा तं दुसराच कोणी, पोहे खाऊन राहिला!" मंडपभर हसू फुटले. त्या बापाने लगेच उठून स्वतःच्या हाताने मंडपाची दोरी सोडली. तीन दिवसांनी मुलाचा फोन आला. तो सुखरूप होता.

सुट्टीवर आल्यावर तो मला भेटायला आला आणि कडक सॅल्यूट केला. चहा घेताना मात्र म्हणाला, "सर, आमच्या तुकडीतला एक जण खरंच गेला. त्याचा फोटो गावी पोचला, तं लोक म्हणाले, हाही बनावटच असंन."

जिंकलेल्या प्रकरणाची दुसरी बाजू मला तेव्हा दिसली. खोट्या फोटोने एका घराला रडवले, ते आम्ही थांबवले. पण त्याने एका खऱ्या मरणावरचा विश्वासही चोरला, आणि त्या चोरीसाठी माझ्याकडे कुठलेच कलम नव्हते. म्हणून आता कुणी युद्धाचा फोटो दाखवला की मी तो खरा मानतही नाही आणि हसतही नाही. एवढेच विचारतो : याच्या आधीचा फोटो कुठे आहे?