दाजी गवतावर चालत नसत

सुजाताताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही. ती माझी मानलेली बहीण, आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, ती वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या, त्यामुळे जे बोलायचं ते जिन्यातच बोलून होतं. फोन उचलला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "अश्विनी, दिल्या उठत नाहीये गं." दिल्या म्हणजे कोण, हेच मला क्षणभर कळेना. चारचौघांत ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची... शाळेतलं ते नाव तिने माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं होतं. मी घरी पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. दाजी खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मान जराशी कललेली, आणि ताई खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवत होती. "पाय गार पडलेत," एवढंच म्हणाली.

त्याला आता काही आठवडे झाले. जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या आमच्या छोट्या गावात अजून लोक मला रस्त्यात थांबवून दाजींबद्दल विचारतात. बेकरीतल्या बाईंना त्यांचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं, त्या त्यांना 'हेर सुभेदार', म्हणजे श्रीयुत सुभेदार, म्हणायच्या. फौजेतला हुद्दा हेच आडनाव, असा त्यांचा समज होता आणि दाजींनी तो कधी दुरुस्त केला नाही.

दिलीपदाजी आणि सुजाताताई साताऱ्याकडच्या वडूजला शेजारीशेजारी वाढले. त्याने तिला सायकल शिकवली, तिने त्याची गणितं सोडवून दिली. मॅट्रिकनंतर तो फौजेत भरती झाला, इंजिनिअर पलटणीत, आणि त्याच्या वाट्याला जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढायचं काम आलं. ती कराडला इंजिनिअरिंग शिकू लागली. पुढच्या सुट्टीत घरची माणसं बोलणी करायला जाणार, हे दोन्ही घरांना न बोलता ठाऊक होतं. दरम्यान तिचा धाकटा भाऊ संजयही दिलीपच्या मागे मागे भरती झाला आणि हट्टाने त्याच्याच तुकडीत गेला. सरहद्दीवर सुरुंग काढताना संजय गेला. त्याची पेटी घेऊन दिलीपच वडूजला आला. त्याने पेटी ओसरीवर ठेवली, ताईच्या आईशी आत जाऊन काही बोलला, आणि ताईकडे न बघता निघून गेला. पुन्हा तो त्या घरी आला नाही की त्याचा निरोप आला नाही. सुट्टीवर आला तरी मामाच्या गावी उतरायचा.

"मी वर्षभर वाट बघितली," ताई मला एकदा म्हणाली होती. "मग वाट बघायची लाज वाटायला लागली." तिचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती जर्मनीत आली, इथल्या कार कारखान्यात तिला नोकरी मिळाली. संसार मात्र टिकला नाही. मुलगी रेवा मोठी होऊन म्युनिकला गेली आणि ताई एकटी राहिली. तिकडे दिलीपने लग्नच केलं नाही.

ताईची आई वारली तेव्हा ती वडूजला गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळ्यात मागे, खांबाला टेकून, केस पांढरे झालेला एक उंच माणूस उभा होता. तिने ओळखलं. वंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आज बरा आलास?"

"आई गेल्या, म्हणून आलो. त्या असेपर्यंत येता येत नव्हतं."

मग त्याने सांगितलं. ज्या पट्ट्यावर संजय गेला, तो पट्टा साफ झाला असं त्यानेच तुकडीला सांगितलं होतं. पेटी घेऊन आला त्या दिवशी त्याने हे तिच्या आईला सांगून टाकलं. आई म्हणाली, तुला बघितलं की मला माझं पोर दिसतं, या दारात परत येऊ नकोस, आणि सुजीला यातलं काही सांगू नकोस, ती जन्मभर जळेल.

"आणि तू ऐकलंस?" ताईने विचारलं.

"त्या माउलीपुढे मी दुसरं काय बोलणार होतो, सुजे?"

ताई चिडून तिथून निघून आली. आईवर चिडली, त्याच्यावर चिडली, जर्मनीत परत येऊन वर्षभर चिडलेलीच होती. पण दर रविवारी ती त्याला फोन करायची, हेही खरं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लोकांना वाटेल मी त्याला माफ केलं. माफीचं मला काही कळत नाही. पण संजय कसा हसायचा, भात कसा कालवायचा, हे आठवणारं जगात दुसरं कोणी उरलं नाही गं... आम्ही दोघंच."

शेवटी दोघांनी साताऱ्यात रजिस्टर लग्न केलं. व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. साठीला टेकलेले दाजी पुण्यात कॉलेजच्या पोरांमध्ये बसून ती शिकले आणि पास झाले. इथे आल्यावर त्यांना जर्मन फारसं बोलता आलं नाही, पण 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', हा एक शब्द त्यांनी उचलला आणि सगळीकडे वापरला. रेवा त्यांच्याशी जर्मनमधून बोलायची, ते मराठीतून उत्तर द्यायचे, आणि दोघं तासन् तास पत्ते खेळायचे.

त्यांची एक गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यांना खटकायची. ते गवतावर पाय ठेवत नसत. इथे उन्हाळा आला की माणसं नदीकाठच्या हिरवळीवर आडवी होतात. आमची मराठी मंडळीही नेकार नदीच्या काठी चादरी पसरून बसायची. दाजी डांबरी वाटेच्या कडेला उभे राहून जेवायचे. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "गुडघा वाकत नाही." चौथ्या मजल्यावर सामान घेऊन चढणारा माणूस हे सांगायचा. आणि मुलांचा चेंडू झुडपात गेला की त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी बघणं टाळायचे.

मागच्या वर्षी स्टेशनमागे नव्या इमारतीसाठी खणताना गेल्या महायुद्धातला बॉम्ब सापडला. या भागात असं अधूनमधून होतं. आमची सगळी गल्ली सकाळीच रिकामी करून शाळेच्या जिम हॉलमध्ये बसवली. लोक कॉफी पीत गप्पा मारत होते. दाजी दाराशी उभे होते, ताठ, स्टेशनच्या दिशेने तोंड करून. ताईने दोनदा बोलावलं, त्यांना ऐकूच आलं नाही. दुपारी बॉम्ब निकामी करणारा माणूस स्वतः सांगायला आला, चला, झालं काम, आता घरी जा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजी त्याच्यासमोर गेले आणि मला म्हणाले, "अश्विनी, यांना विचार. काम झाल्यावर त्या जमिनीवरून आधी कोण चालतं?"

मी विचारलं. तो माणूस दाजींकडे वळला. "मीच," म्हणाला. "नेहमी मीच."

"गेनाऊ," दाजी म्हणाले. मग मराठीत, माझ्याकडे नाही, ताईकडेही नाही, त्या परक्या माणसाकडेच बघत म्हणाले, "मी पण चाललो होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मग संजयला हाक मारली. माझा पाय जिथे पडला नाही, तिथे त्याचा पडला."

त्याला यातलं एक अक्षर कळलं नसणार. त्याने दाजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि धरून ठेवला. मी ताईकडे बघितलं. "हे तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "तू आधी चालला होतास, हे मला कधीच सांगितलं नाहीस."

"ते सांगणं म्हणजे सबब झाली असती."

हॉलमधून घरी येताना ताई नदीकाठी वाट सोडून गवतात उतरली. थोडं पुढे जाऊन वळली आणि हात पुढे केला. "चल." दाजी वाटेच्या कडेला उभेच होते. मी मुद्दाम मागे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. तिच्यापर्यंत पोचले नाहीत, मध्येच थांबले, कपाळावर घाम आला होता. "आज एवढं पुरे," म्हणाले आणि परत वाटेवर आले. ताई हसत होती आणि रडत होती. नंतर पुन्हा ते कधी गवतावर गेले की नाही, मला माहीत नाही. ते दोघांमधलं होतं.

आता वरच्या मजल्यावर आवाज नाही. एवढं मोठं घर एकटीला नको, म्हणून ताई लहान वोनुंग, म्हणजे फ्लॅट, शोधते आहे. परवा एक जागा बघायला मी तिच्याबरोबर गेले. एजंटने दार उघडलं आणि बाजूला झाला. रिकामी खोली, समोरच्या भिंतीवर ऊन. मी आत शिरणार तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. कुठल्याही नव्या जागी, हॉटेल असो, कुणाचं घर असो, दाजी तिला उंबऱ्याशी थांबवून आधी स्वतः आत जायचे. सगळ्या खोल्यांतून फिरून यायचे आणि मग म्हणायचे, ये. इतकी वर्षं हे मी बघत होते आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"ताई, चल ना," मी हळूच म्हणाले.

"थांब," ती म्हणाली. "त्यांना बघून येऊ दे."

एजंट घड्याळाकडे बघत होता. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या राहिलो. आत फरशीवर काहीही हलत नव्हतं... मग ताईने कुणाला तरी मान डोलावली, माझं मनगट सोडलं आणि आत गेली.