येल्लम्माच्या कष्टांचा रकाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार सुमनबाई बिलोलीकरांचे. गेल्या महिन्यात हिमायतनगरहून त्यांच्या भाचीचा, वीणाचा, फोन आला. "दादा, मावशी गेली." आठच दिवसांपूर्वी मी बाईंना पत्र टाकलं होतं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तोही स्वतःपुरताच... "पत्र मिळालं होतं का?"

"मिळालं. दिसत नव्हतं ना तिला, दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग घडी करून उशाशी ठेवून घेतलं."

शोकसभेत मोठमोठी भाषणं झाली. बाईंचं दुधाच्या खर्चावरचं मूळ टिपण ज्यांनी वर्षानुवर्षं कपाटात कोंडलं, तेच "थोर अभ्यासक" म्हणत डोळे पुसत होते. मला तिथे बसवेना.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. उदगीरहून या शहरात आलो तेव्हा इंग्रजी आकडे वाचतानाही अडखळायचो. कोठी भागातल्या कॉलेजात बाई अर्थशास्त्र शिकवत. रविवारी घरी बोलावून त्यांनी मला पट्टीने तक्ता आखायला शिकवलं. "दत्ता, रकाने पाडण्याआधी विचार कर, यात कोण दिसत नाहीये?" मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधायची त्यांची सवय होती. वेळ पाहिली की समोरच्याला वाटायचं, बाई स्वतःचा तळहात वाचताहेत.

वीस वर्षांपूर्वी परदेशी दूध पावडर आपल्याकडे स्वस्तात येऊ लागली. स्वस्त का, तर तिथली सरकारं डेअऱ्यांना पैसे देत आणि माल बनवायच्या खर्चाहूनही कमी भावात बाहेर ओतला जाई. इथल्या डेअऱ्या ती पावडर घेऊन ताज्या दुधाचा भाव पाडत. जागतिक व्यापाराची बोलणी चालू होती. आपल्या प्रतिनिधींना पुरावा हवा होता, म्हणून बाईंना इथल्या दुधाच्या खर्चाचं टिपण करायला सांगितलं. बाई शहराबाहेरच्या वस्तीत भल्या पहाटे गेल्या, मलाही नेलं. येल्लम्मा नावाच्या बाईच्या गोठ्यात घड्याळ लावून उभ्या राहिल्या. चारा, शेण, पाणी, धार... सगळ्याची वेळ लिहिली.

येल्लम्मा हसत सुटली. "क्या लिखतीं अम्मा? ये तो घर का काम है. टाइम पूछना है तो भैंस को पूछो!"

"भैंस को क्या पगार मिलती?" बाई म्हणाल्या.

"मेरे कू भी नहीं मिलती!"

"वही लिख रही हूँ."

त्या उत्तरातून बाईंनी तक्त्यात एक रकाना वाढवला : घरच्या बाईचे कष्ट. तेव्हा मी आबिड्स भागातल्या सरकारी व्यापार कार्यालयात नुकताच लागलो होतो. टिपण आमच्याच टेबलावरून दिल्लीला गेलं, आणि गेलं तेव्हा तो रकाना त्यात नव्हता. समोरच्या पक्षाचं उत्तर आलं : तुमचं दूध इतकं कमी खर्चात तयार होतं, मग नुकसान कसलं? माझं डोकं आजही तापतं. तिथे शेत पडीक ठेवलं तरी मालकाला सरकारी पैसा, आणि त्याला नियमात बसणारं सोज्ज्वळ नाव. पुढे त्यांनी निर्यातीचं अनुदान बंद करायचं कबूल केलं, मदत मात्र दुसऱ्या नावाने चालू ठेवली. इथे येल्लम्माची उभी पहाट शून्य, कारण तिच्याकडे पावती नाही!

बाई ऑफिसात आल्या. सगळ्यांसमोर विचारलं, "रकाना कुणी खोडला?" मी म्हणालो, "वरून आलं, बाई." त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि निघून गेल्या.

ते घड्याळ वीणाने परवा माझ्या हातात ठेवलं, माझ्या पत्राच्या घडीत गुंडाळून. पत्र असं होतं :

बाई, सा. न.

रकाना कुणी खोडला, असं तुम्ही विचारलं होतं. वरून काही आलं नव्हतं. पावत्या नाहीत म्हणून टिपण परत आलं तर नवी नोकरी जाईल, या भीतीने मीच रेघ मारली. तुम्ही शिकवलेल्या पट्टीने.

आता पुन्हा बोलणी आहेत, तसाच तक्ता माझ्यापुढे आहे. या वेळी रकाना घातला आहे. साहेब म्हणतात, काढा. मी काढणार नाही. त्यांनी काढला तर त्या कागदावर माझी सही नसेल.

काल येल्लम्माकडे गेलो होतो. म्हशी विकल्या, गोठ्यात स्कूटर उभी असते. तिने विचारलं, "वो घडीवाली अम्मा कैसे हैं?" विचारून सांगतो म्हणालो. बाई, कळवाल ना?

तुमचा,
दत्ता