भावाच्या बोटीचे बोल्ट

माझा धाकटा भाऊ जन्मभर कारवारला बंदरात वायरमन होता. रिटायर झाल्यावर त्यानं कुणाची तरी वापरलेली शिडाची बोट घेतली. अशा बोटीच्या बुडाखाली लोखंडाचं जाड पातं असतं, त्याला कील म्हणतात. वारा आडवा लागला की कीलच्या वजनानं बोट उलटत नाही. ती कील आठ बोल्टांवर लटकलेली. मागच्या दोन बोल्टांपाशी गंजाचं पाणी यायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, बोट बंगळूरला पाठव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. मी चौथी शिकलोय, पण हयात लेथवर गेली.

लॉरीतनं बोट मारतहळ्ळीला माझ्या शेडमध्ये आली. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "अज्जा, समुद्र कधी येणार इकडं?" मागोमाग भाऊही आला, पोटाच्या दुखण्यावर उपचाराला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते त्याला आधीच कळलं होतं. त्याला एवढंच पाहिजे होतं, एकदा शीड लावून काळी नदीच्या मुखातनं समुद्रात जायचं.

ते दोन बोल्ट काढले. दोन्ही टोकांना जाड, मधे पेन्सिलीएवढे उरलेले.

"हे दोन बदल आणि चल," तो म्हणाला. "बाकीचे ठणठणीत आहेत, अण्णा. हातोडी मारून बघ की, कसे वाजतात."

"वाजण्यावर जाऊ नकोस. वरनं धडधाकट दिसतो, आतनं खाल्लेला असतो."

"म्हणजे माझ्यासारखा."

मी ठरवलं ते ठरवलं. माझा भाऊ ज्या बोटीत बसणार, तिच्याखाली न बघितलेला बोल्ट मी ठेवणार नव्हतो.

ते सहा निघता निघेनात. रॉकेल सोडून मुरवत ठेवायचं, पान्याला पाईप लावून लोंबकळायचं, तरी हलायचे नाहीत. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चिडवायचा, "स्वल्प जोर लाव की, भाकरी खाल्ली नाहीस?" पुढं पुढं खुर्ची रिकामी राहायला लागली. तो घरीच पडून असायचा. मी आत आलो की विचारायचा, "किती राहिले?"

शेवटचा निघाला तेव्हा सगळे पुसून उजेडात धरले. सहाच्या सहा चांगले. एकालाही खड्डा नाही. लपवणं माझ्या स्वभावात नाही. पिशवीत घालून त्याच्यापाशी नेले. त्यानं एक हातात घेतला, आट्यांवरनं अंगठा फिरवला.

"चांगले आहेत की."

"काढल्याशिवाय कळत नाही," मी म्हणालो.

"सरी, बरं. आता कळलं." बोल्ट हातात तोलत म्हणाला, "तेव्हाच गेलो असतो तर बुडालो नसतो, अण्णा."

मी बाकीचे पिशवीत भरले. हातातला त्यानं दिला नाही, तसाच धरून झोपला.

तो गेला तेव्हा कील बोटीखाली सुटीच पडली होती. तेरावं झाल्यावर मी ती बसवली, आठ नव्या बोल्टांवर. घरच्यांनी विचारलं, आता कुणासाठी? मी नट आवळत राहिलो.

मध्यंतरी इंदिरानगरहून एक जण बोट विकत घ्यायला आला होता. आत वाकून बघून म्हणाला, "सगळेच बदललेत?" सगळेच बदलायचे असतात, असं मी सांगितलं. उद्या कुणी विचारलं तरी तेच सांगीन, आणि परत वेळ आली तर तेच करीन. पण सहा चांगले होते. आम्ही गेलो असतो, आणि परत आलो असतो.