कुलूप बांधलेली दोरी

विमानातून लेझर सोडून इमारतींची उंची मोजतात; त्या मोजणीचे आकडे तपासायचं काम माझं. वाघोलीतली एक इमारत मंजूर उंचीपेक्षा तीन मीटर जास्त निघाली. मी सही केली, आणि गच्चीवरची खोली पाडण्याची नोटीस गेली.

खोलीचे मालक आमच्या कार्यालयात आले. खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवलेले चाचा. त्यांनी टेबलावर दोरी ठेवली, टोकाला जुनं कुलूप बांधलेलं. "छतावरून सोडून मोजलीय, मॅडम. उंची हद्दीतच आहे. मुलगी बाळंतपणाला येणार, तिच्यासाठी बांधलीय खोली."

"चाचा, लेझर चुकला तर वीतभर चुकेल," मी म्हणाले, आणि वर हसले. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

ते दोरी गुंडाळून गेले. मला मात्र चैन पडेना. फिटर माणूस तीन मीटर चुकेल? ती इमारत स्क्रीनवर दिवसातून दहादा उघडायची, बंद करायची. छत तर बरोबर दिसत होतं. जाऊन बघू, जाऊन बघू म्हणत आठ दिवस काढले. चूक निघाली असती तर सही माझी होती ना!

शेवटी एका सकाळी स्वारगेटहून बस धरली. रस्ताभर घड्याळ बघत होते. चाचा फाटकाशीच भेटले. त्यांच्या इमारतीला खेटून एक कोरी इमारत उभी होती.

"ही कधी झाली?"

"यंदाच. तुमचं विमान फिरलं तेव्हा इथं पायाचा खड्डा होता."

लेझरनं छत अचूक धरलं होतं, खड्डाही अचूक धरला होता. पण उंची काढताना चाचांच्या इमारतीची जमीन म्हणून शेजारच्या त्या खड्ड्याचा तळ मी घेतला होता.

"चाचा, तुमची दोरी बरोबर होती! मी आजच दुरुस्ती पाठवते. खोली पाडू नका."

त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. गच्चीच्या कठड्यावर विटा रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या मागे आभाळ दिसत होतं.

"पण का पाडलीत, चाचा? दोरी होती ना तुमच्याकडे?"

"तुम्हीच म्हणालात ना, लेझर वीतभरच चुकतो. मला वाटलं, म्हातारपणी माझाच हात चुकला."