धुळ्याला नेलेल्या स्लाईड

केळीचं पान कापलं की आतून दुसरं येतं. आमच्या केळी शेतकऱ्यांच्या गटातले किस्से तसेच. एक सांगून संपवावा तर दुसरा तयार. स्लाईड करायला बसलो तेव्हा तर रोजचा एक झाला. सगळे सांगत नाही. निवडक सांगतो.

आमचं गाव फैजपूरजवळ. एका मोठ्या कंपनीला थेट बागेतून केळी हवी होती, मधे व्यापारी नको. तिनं धुळ्याला बरेच गट बोलावले. प्रत्येकानं पडद्यावर स्लाईड दाखवायच्या, कंपनी एकच गट निवडणार. मी अध्यक्ष. शिक्षण चौथी. हरायला कुठं जायची मला सवय नाही.

*

पहिल्या स्लाईड नानांनी आणल्या. नाना म्हणजे उपाध्यक्ष, माझे चुलतभाऊ. त्यांनी काम दिलं फ्लेक्सवाल्याला. त्यानं त्याला येतं ते केलं. सगळ्या संचालकांचे गोल फोटो, मधे माझा मोठा, हात जोडलेला, मागे उगवता सूर्य. कोपऱ्यात उरलेल्या जागेत केळीचा घड.

माझी सून वैशाली कॉम्प्युटर क्लास चालवते. तिनं पाहिलं आणि विचारलं, "आबा, निवडणूक कोणती आहे?"

*

स्लाईडवरून आपला फोटो काढून टाकायला कोणी तयार होईना. एकाचा काढला तर दुसऱ्याचा का ठेवला, यावरून संचालकांनी बोलणं बंद केलं.

वैशाली माझ्याकडे आली. "आबा, पडद्याशेजारी तुम्ही स्वतः उभे राहणार. लोकांनी बघायचं कोणाकडे?"

मी म्हटलं, "आधी माझा काढ."

अध्यक्षाचा गेल्यावर बाकीच्यांचे चहा यायच्या आत गेले.

*

मग नानांनी गटाचा सगळा इतिहास एका स्लाईडवर बसवला. अक्षरं मुंगीएवढी. मारुतीच्या देवळात सराव ठेवला. नाना लोकांकडे पाठ करून वाचत राहिले.

अक्का आमचं वेफर्सचं काम बघते. माहेर शिरपूरकडचं, बोलणं अहिराणी. तिनं मधेच विचारलं, "नाना, बठ्ठं तठेच लिखेल शे, मंग तुम्ही उभा कसाले शेतस?"

सगळं तिथंच लिहिलंय तर उभं कशाला राहायचं? नाना खाली बसले. तेव्हापासून जे तोंडानं सांगायचं ते स्लाईडवर नाही, असं ठरलं.

*

नानांना कॉम्प्युटरमधला टाळ्यांचा आवाज फार आवडला. प्रत्येक स्लाईड बदलली की टाळ्या. दुसऱ्या सरावाला पहिल्याच टाळ्यांना मागची म्हातारी मंडळी जागी झाली, कार्यक्रम संपला समजून चपला घालून घरी गेली.

वैशालीनं आवाज काढून टाकला. नाना चिडले. म्हणाले, धुळ्याला मग टाळ्या वाजवणार कोण?

मी म्हटलं, "धुळेवाले."

*

कंपनीला भीती एकच. वाटेत केळी घासते, साल काळी पडते. आम्ही बागेतच घडाच्या फण्या वेगळ्या करून, धुऊन पेटीत भरतो. हे दाखवायला नानांनी रंगीत खांबांचा तक्ता केला. वैशालीनं अक्काला विचारलं, काय दिसतं? अक्का म्हणाली, बिल्डिंगा.

तक्ता गेला. त्याजागी नुसता फोटो घ्यायचा ठरला, शेजारी शेजारी दोन फण्या, एक नेहमीची, एक आमच्या पेटीतली. नानांनी आमच्या फणीला हळूच तेलाचा हात लावला. चमकली. मी ती फणी म्हशीपुढं टाकली आणि दुसरी आणायला लावली. खोटी चमक दाखवून मला जिंकायचं नव्हतं.

*

धुळ्याला आमचा नंबर जेवणानंतर लागला. आधीच्या गटांच्या स्लाईड संपता संपत नव्हत्या. हॉलमध्ये अंधार, कंपनीच्या साहेबांची मान झोपेनं खाली.

मी उभा राहिलो. पहिली स्लाईड बाग. दुसरी पेटी. तिसऱ्या स्लाईडवर पडदाभर दोन फण्या, अक्षर एक नाही.

मी म्हटलं, "दोन्ही एकाच बागेतल्या, एकाच दिवशी कापलेल्या. डावी नेहमीसारखी ट्रकमधून उतरली. उजवी आमच्या पेटीतून."

आणि गप्प राहिलो.

नाना खालून खुणा करत होते, बोला म्हणून.

साहेबांनी मान वर केली. उठले, थेट पडद्याजवळ आले. त्यांची सावली फण्यांवर पडली.

"साहेब, बाजूला व्हा. केळी झाकली."

ते बाजूला झाले. उजवी फणी वरपासून खालपर्यंत बघितली. मग विचारलं, "पुढची स्लाईड?"

"पुढची बागेत आहे. चला."

संध्याकाळी साहेब आमच्या बागेत होते. ठिबकच्या ओल्यात पाय, बूट हातात. विचारत होते, "आबा, पहिली गाडी कधी भरता?"